तुम्ही विचारलंत म्हणून: पगार कुणाच्या हातचा?

आम्ही बॉस्टनजवळ राहतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाहुणे ठरलेले आणि त्यांना बंदरावर नेणंही ठरलेलं. 1773 मध्ये ब्रिटिश कराविरुद्ध इथल्या लोकांनी जहाजावरचा चहा समुद्रात फेकला, तीच ही 'बॉस्टन टी पार्टी'ची जागा. तिथे जुन्या जहाजाच्या प्रतिकृतीवर चढून चहाचं खोकं पाण्यात फेकता येतं. खोक्याला दोरी बांधलेली असते. फेकलं की ओढून वर घेतात आणि पुढच्या कुटुंबाच्या हातात देतात. फोटो होतात, मुलं खूश. परतताना मागच्या सीटवरून प्रश्न येतो: "पण मला सांग, पौंडभर चहाला तीन पेन्स कर. तेवढ्यावरून अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं एवढं युद्ध?"

पूर्वी मी "प्रतिनिधित्व नाही तर कर नाही" हे शाळेतलं वाक्य टाकून मोकळी व्हायचे. ते चूक नाही, पण त्याने कुणाचं समाधान होत नाही. कारण ब्रिटिश पार्लमेंटच्या 1773 च्या चहा कायद्याने चहा महाग नव्हे, स्वस्त झाला. ईस्ट इंडिया कंपनीची लंडनमधली गोदामं चहाने तुंबली होती, कंपनी बुडायला आली होती. पार्लमेंटने तिला थेट अमेरिकेत माल पाठवायची मुभा दिली. कर धरूनही तो चहा चोरट्या डच चहापेक्षा स्वस्त पडणार होता. (आणि नाही, आसामचा नव्हता. सगळा चीनचा. हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर आहे.) आपला संबंध येतो तो वेगळ्याच बाजूने. फिलाडेल्फियाच्या जॉन डिकिन्सन या वकिलाने त्याच वर्षी लिहिलं, की या कंपनीने बंगालच्या दुष्काळात माणसं कशी मरू दिली ते पाहा, आता ती आपल्याकडे येते आहे.

गोम होती पगारात. बॉस्टन ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये आहे, ती तेव्हा ब्रिटिश वसाहत होती. तिचा गव्हर्नर नेमायचा राजा, पण त्याचा पगार मंजूर करायची इथली निवडून आलेली विधानसभा, तोही एकेका वर्षापुरता. लंडनला हे खुपत होतं. 1728 मध्ये विल्यम बर्नेट नावाचा गव्हर्नर आला तो हुकूम घेऊनच: वर्षाला 1000 पौंड कायमचे बांधून घ्या. विधानसभा म्हणाली, यंदाचे पैसे हवे तर घ्या, कायमचं बांधून मिळणार नाही. चिडून त्याने विधानसभेची बैठक बॉस्टनहून सेलमला हलवली. आमदार तिथे गेले आणि तिथेही नाहीच म्हणाले. पुढच्या वर्षी बर्नेट वारला, पगार बांधून न घेताच. मला हा प्रसंग चहाच्या खोक्यांपेक्षा जास्त आवडतो, पण त्याचा फोटो काढता येत नाही.

1767 मध्ये ब्रिटनचा अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंडने वसाहतींत येणाऱ्या काच, कागद, रंग, शिसं आणि चहावर जकात बसवली. कायद्यातच लिहिलं होतं की या पैशातून वसाहतींतल्या न्यायदानाचा आणि कारभाराचा खर्च भागवायचा. म्हणजे गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार. आरडाओरडा झाल्यावर 1770 मध्ये बाकीची जकात उठली, चहावरची तेवढी ठेवली. 1772 मध्ये कळलं की गव्हर्नर थॉमस हचिन्सनचा पगार आता राजाकडून येणार, आणि मग वरच्या कोर्टाच्या न्यायाधीशांचाही. पैसे तुमचेच, पण माणूस तुमच्या मुठीतून सुटला.

हे मी मागच्या वर्षी कोथरूडच्या काकांना सांगत होते. त्यांच्या सोसायटीचा ताबा बिल्डरने कित्येक वर्षं दिला नव्हता. ते म्हणाले, "अगं, म्हणजे आमचा वॉचमन! मेंटेनन्स आम्ही भरायचा, पगार बिल्डरने द्यायचा, आणि वॉचमन सलाम ठोकणार बिल्डरच्या गाडीला." माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान तिथेच संपलं.

लंडनचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, हे सांगायला हवं. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धाने 1763 पर्यंत ब्रिटनचं कर्ज जवळपास दुप्पट झालं होतं. इंग्लंडातले लोक वसाहतवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त कर भरत होते. "मँचेस्टरचा तरी कुठे खासदार आहे?" हा त्यांचा सवाल होता, आणि खरंच नव्हता. पण एकाला मत नाही म्हणून दुसऱ्यालाही नको, हा हिशोब मला कधी पटला नाही. वसाहतवाल्यांचं सोवळंही अर्धवटच होतं. त्याच 1773 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांनी विधानसभेकडे स्वातंत्र्यासाठी अर्ज केले. त्यांच्या पदरात काही पडलं नाही.

आता चहाकडे पुन्हा पाहा. बॉस्टनला तो विकायचा मक्ता ज्यांना मिळाला, त्यांत हचिन्सनचे दोन मुलगे होते. चहा विकणार गव्हर्नरचे मुलगे, त्यावरचा कर जाणार गव्हर्नरच्या पगाराला. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री 342 पेटारे पाण्यात गेले, त्याचं मला तरी आश्चर्य वाटत नाही.

न्यायाधीशांपैकी चौघांनी राजाचा पगार नाकारला. मुख्य न्यायाधीश पीटर ऑलिव्हरने घेतला. विधानसभेने त्याच्यावर महाभियोग आणला, गव्हर्नरने तो अडवला. मग ज्यूरीत नावं आलेल्या लोकांनीच त्याच्यापुढे शपथ घ्यायला नकार दिला. त्यांत पॉल रिव्हिअर हा चांदीचा कारागीरही होता. 1774 मध्ये पार्लमेंटने आणखी पुढचं पाऊल टाकलं: मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचं वरचं सभागृह आता राजा नेमणार, आणि गावसभा गव्हर्नरला विचारल्याशिवाय वर्षातून एकदाच.

त्याचं उत्तर बॉस्टनने नव्हे, आडगावांनी दिलं. आमच्यापासून तासाभरावर वूस्टर आहे. 6 सप्टेंबर 1774 ला तिथे कोर्ट भरायचं होतं. आसपासच्या 37 गावांतून 4,622 माणसं गावनिहाय रांगा करून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. आकडा इतका नेमका, कारण कुणीतरी गाववार मोजून लिहून ठेवला. कोर्टाच्या न्यायाधीशांना आणि अधिकाऱ्यांना टोप्या हातात घेऊन मधून चालवलं आणि "या कायद्याखाली काम करणार नाही" हा कागद थांबून थांबून पुन्हा पुन्हा वाचायला लावला, शेवटच्या रांगेलाही ऐकू जाईपर्यंत. गोळी एकही सुटली नाही. ज्या गोळ्यांनी युद्ध सुरू झालं, त्या लेक्सिंग्टन गावातल्या गोळ्या त्यानंतर सात महिन्यांनी.

हल्ली मी पाहुण्यांना आधी वूस्टरला नेते. तिथे पाण्यात फेकायला काही नाही, त्यामुळे मुलं कंटाळतात.