दारूबंदीच्या गावातली व्हिस्की

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नॅशव्हिलहून चॅटनूगाला जाताना आम्ही मधेच हायवे सोडून लिंचबर्गकडे वळलो. गाडीतल्या मंडळींना जॅक डॅनियल्स व्हिस्कीची डिस्टिलरी, म्हणजे ती गाळण्याचा कारखाना, बघायची होती. स्टिअरिंग माझ्या हातात, त्यामुळे माझ्या वाट्याला नुसता वास येणार हे ठरलेलंच होतं.

अमेरिकेतली दारूबंदी १९३३ साली उठली, पण हे गाव ज्या मूर काउंटीत आहे ती आजही 'ड्राय', म्हणजे दारूविक्रीला बंदी असलेली, म्हणूनच ओळखली जाते. डिस्टिलरीत चव घ्यायला आणि बाटली विकत घ्यायला मिळते, तीही कायद्यात खास सोय केलेली आहे म्हणून.

टूर सुरू झाली ती शुगर मेपलच्या लाकडांच्या थप्प्यांपासून. ही लाकडं इथेच जाळून कोळसा करतात. सुमारे दहा फूट खोल कोळसा भरलेल्या टाक्यांवर ताजी, पाण्यासारखी पांढरी व्हिस्की सोडतात आणि ती थेंबाथेंबाने खाली झिरपते. बोर्बन (मक्यापासूनची अमेरिकन व्हिस्की) आणि टेनेसी व्हिस्की यांच्यातला मुख्य फरक तो हाच. गाइडने एका टाकीचं झाकण उचलून आमच्या दिशेने आपटलं आणि असा भपका आला की ड्रायव्हरचीही सोय झाली म्हणायची! मका, माल्ट, ओला कोळसा, सगळं एकदम नाकात.

व्हिस्कीसाठी पाणी लागतं ते डिस्टिलरीच्या आवारातल्या एका गुहेतल्या झऱ्याचं; ते चुनखडीतून येतं आणि त्यात लोह नसतं. लोहाने व्हिस्कीचा रंग आणि चव बिघडते, म्हणून या झऱ्याचं एवढं कौतुक. बाहेर निघाल्यावर व्हिस्की मुरत ठेवलेल्या गोदामांजवळची झाडं बघा. बुंधे काळेकुट्ट. पिंपांतून उडणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेवर एक बुरशी पोसली जाते, तिचा हा रंग.

जुन्या ऑफिसात डिस्टिलरीचा संस्थापक जॅक डॅनियल याची तिजोरी आहे. उघडेना म्हणून त्याने तिला लाथ मारली, अंगठा दुखावला आणि शेवटी त्यातच तो गेला, अशी कथा सांगतात. आमचा गाइड ती मस्त रंगवून सांगत होता. मला मात्र निअरेस्ट ग्रीनबद्दल आणखी ऐकायला आवडलं असतं. डॅन कॉल नावाच्या धर्मोपदेशकाच्या शेतावर गुलामीत राबणाऱ्या या माणसाने पोरसवदा जॅकला दारू गाळायला शिकवलं. गुलामी संपल्यावर जॅकने त्यालाच आपला पहिला मास्टर डिस्टिलर, म्हणजे दारू गाळण्याच्या कामाचा प्रमुख, केलं. कंपनीने हे जाहीरपणे आणि ठळकपणे मांडायला २०१६ उजाडलं. सगळ्या हुन्नराचा उगम जिथे आहे, त्याला तिजोरीपेक्षा जास्त वेळ मिळायला हवा, हे माझं मत.

मंडळींनी छोट्या पेल्यांतून चवी घेतल्या, त्यावर तज्ज्ञासारखी चर्चा केली आणि गाडीत बसल्याबरोबर झोपली. तुम्ही याच वाटेने जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा : लिंचबर्ग सेंट्रल टाइममध्ये आहे, चॅटनूगा ईस्टर्नमध्ये, म्हणजे तिथलं घड्याळ एक तास पुढे. हॉटेलात उशिरा पोचणार असाल तर हा एक तास आधीच हिशोबात धरा.