नाशिक ते गंजाड: तांदळाच्या पाण्याने काढलेल्या गोष्टी

वारली चित्रं पाहायला निघालात, तर त्र्यंबक मागे टाकून जव्हारचा रस्ता धरला की घरांच्या भिंतींकडे लक्ष ठेवायचं. सिमेंटच्या घरांच्या अधूनमधून कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली घरं अजून दिसतात. नाशिकहून त्र्यंबकेश्वर साधारण ३० किलोमीटर, जव्हार ८० च्या आसपास. एसटी आहे, पण पाड्यांवर थांबत जायचं तर स्वतःची गाडी बरी. जव्हारहून कासा, चारोटी, मग मुंबई-अहमदाबाद महामार्ग ओलांडून डहाणूच्या अंगाला गंजाड. तिथला कळंबीपाडा हे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं गाव.

वारली चित्रं पाहायला एवढं लांब कशाला, असं नाशिककर विचारू शकतो. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर वारली वस्ती आहेच. खरं आहे. पण भिंतीवरचं चित्र कागदावर कसं आलं, हे कळायला गंजाडच गाठावं लागतं.

म्हसे यांचा जन्म १९३४ चा. आई लहानपणीच गेली आणि मुलाने बोलणंच सोडलं. जे सांगायचं ते धुळीत बोटाने काढून दाखवायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. तेव्हा चित्र काढणं हे बायकांचं काम होतं आणि तेही लग्नापुरतं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी सरकारी हस्तकला विभागाकडून या भागात आले, कागद आणि रंग घेऊन. बायका बुजल्या, म्हसे यांनी मात्र कागद भरून टाकले. १९७६ ला राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ ला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात चित्रं, २०११ ला पद्मश्री. १५ मे २०१८ रोजी ते गेले. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे मुलगेही चित्रकार.

मूळ चित्र म्हणजे लग्नचौक. घराच्या आतल्या भिंतीवर सवासिणी तो काढतात. चौकटीच्या मधोमध पालघट ही सुफलतेची देवी, बाजूला चंद्र-सूर्य, शिडी, फणी, झाडं. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पाचशिऱ्या देव. लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाईच. चौक काढल्याशिवाय लग्न नाही. त्यामुळे ही भिंत शोभेची नाही, विधीचा भाग आहे. घरात शिरण्याआधी विचारा आणि फोटोसाठी वेगळं विचारा.

आता भिंत. कारवीच्या काड्या उभ्या बांधून कूड होतो, त्यावर माती आणि शेणाचा गिलावा, तो वाळला की गेरूचा हात. गिलावा ओला असताना गेरू लावला तर भेगा पडतात आणि पांढरी रेघ भेगेतच तुटते. पांढरा रंग तांदळाचा: रात्रभर भिजवून पाट्यावर गंधासारखा वाटायचा. एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी, वर चमचाभर डिंकाचं पाणी. दाट झालं तर रेघ ओढताना काडी अडते. पातळ झालं तर ओघळतं. डिंक विसरला तर वाळल्यावर हात लागताच भुकटी निघते, आणि जास्त पडला तर पापुद्रे सुटतात. काडी बांबूची, टोक चावून किंवा ठेचून मऊ केलेलं.

नवशिक्या हमखास फसतो तो एका ठिकाणी. तांदळाचं पाणी ओलं असताना रेघ जवळजवळ दिसत नाही, वाळली की उजळते. दिसत नाही म्हणून तो वरून पुन्हा गिरवतो आणि मग जाड, थरथरीत पट्टा उरतो. एकदाच ओढायची, आणि थांबायचं.

माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. दोन्ही सरळ रेषेत ठेवले तर माणूस उभा राहतो. वरचा जरा कलवला की चालायला लागतो, जास्त कलवला की नाचतो. डोक्यामागे अंबाडा असेल तर बाई. तारपा नाचाची साखळी बघा: मधे तारपा हे दुधीचं वाद्य फुंकणारा, भोवती कमरेला हात घालून गुंफलेली माणसं, शेपूट सुटं. वर्तुळ पूर्ण मिटवलेलं चित्र बहुधा नक्कल करणाऱ्याचं असतं. म्हसे यांचं मासेमारीचं जाळं तर अख्ख्या कापडावर पसरतं, आणि ते वाचायला डावी-उजवी बाजू नाही. कुठूनही सुरू करा, कुणीतरी शेतात जाताना सापडतंच.

‘रंगीबेरंगी वारली’ म्हणून निळी-पिवळी चित्रं बाजारात खपतात. आमच्या मते त्यात वारलीपण थोडंच उरतं. वेगळेपणा जमिनीत, म्हणजे चित्रामागच्या रंगात असतो: गेरूची तांबडी, शेणाची हिरवट-तपकिरी, कोळशाची काळी. कापडावर शेणाची जमीन करायची तर मूठभर ताजं शेण दोन लिटर पाण्यात कालवून वस्त्रगाळ करतात. काड्या राहिल्या तर जमीन खरखरीत होते आणि बारीक ठिपका फाटतो.

विकत घेताना चित्र तिरपं धरून उजेडात बघा. हाताच्या रेघेची जाडी कमीजास्त होते, ठिपका बोटाला किंचित उंच लागतो. छापील चित्रात सगळं सपाट आणि एकसारखं. हल्ली तांदळाऐवजी पोस्टर कलर आणि डिंकाऐवजी फेविकॉल वापरतात, ती लबाडी नव्हे. कागदावर ते टिकतं. तांदळाच्या रंगाला मात्र कसर लागते आणि पावसाळ्यात बुरशीही. काच चिकटवून फ्रेम करू नका, बोटभर फट ठेवा. गुंडाळताना चित्राची बाजू बाहेर ठेवा. आत ठेवली की रंग दाबला जाऊन सुटतो.

जायचे दिवस म्हणाल तर लग्नसराईचे, उन्हाळ्यातले. तेव्हाच ताजा चौक बघायला मिळण्याची शक्यता. फक्त चैत्री पौर्णिमेपासून पुढचा पंधरवडा विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा असते आणि चारोटीच्या आसपास गाडी हलत नाही. त्या दिवसांत नाशिकहून पहाटेच निघा.