कॅरेट नेमकं कोणतं?

सारख्याच वाटणाऱ्या इंग्रजी शब्दांतला कोणता कुठे टाकायचा, ते कसं ओळखायचं? आठवड्यातून एकदा तरी दुकानात हा प्रश्न येतोच. कधी बायोडाटा टाइप करायला आलेलं पोरगं विचारतं, कधी शाळेतले सर. मागे एका ओळखीच्या वकिलांनी तर गाडीतून उतरायच्या आधीच काच खाली करून विचारलं, "आबा, तुमले कसं समजस हो, कोनता शब्द कोठे टाकना ते? मोबाइल बी लाल रेघ मारत नही!" तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट बसून सांगतो.

आधी मोबाइलचं. तो लाल रेघ मारत नाही, कारण त्याच्या लेखी चूक झालेलीच नसते. वकीलसाहेब अडले होते ते अफेक्ट आणि इफेक्ट दोन्ही डिक्शनरीतले, दोन्हींचं स्पेलिंग बरोबर. चुकीच्या माणसाला बरोबर कपडे घालून उभं केलं, तर दरवाज्यावरचा वॉचमन काय अडवणार?

आणि माझं म्हणाल, तर मी इंग्रजीचा पंडित नाही. अमळनेरला कचेरीजवळ टायपिंगचं दुकान आहे. आधी खडखडणारं मशीन होतं, आता कॉम्प्युटर. इंग्रजी मी बोलत नाही, टाइप करतो. विमा, बँक, पासपोर्ट, नोकरीचे अर्ज, व्यापाऱ्यांची पत्रं. दुसऱ्याच्या सहीखाली आपली चूक जाते, या भीतीनंच जे काही शिकलो ते शिकलो.

ती भीती बसली त्याची गोष्ट आहे. दुकान नवं होतं. धरणगावकडच्या एका खेड्यातले एक जण वडिलांच्या विम्याचं पत्र टाइप करायला आले. वडील नुकतेच वारले होते. मी मोठ्या रुबाबात लिहिलं, ‘माय डिसीज्ड फादर’. पंधरा-वीस दिवसांनी गृहस्थ तेच पत्र घेऊन परत आले. त्या शब्दाभोवती कुणीतरी पेन्सिलीनं गोल केलेला, बाजूला प्रश्नचिन्ह. तिथल्या साहेबांनी हसत सांगितलं होतं म्हणे, वडील आजारी असतील तर दवाखान्यात न्या, क्लेम कसला मागता? यांना त्यातली मेख कळली नव्हती. ते मला अगदी गंभीरपणे विचारत होते, "भो, बाप तर पोयाले गया. आते दवाखानामा कोनले लई जाऊ?" म्हणजे बाप तर पोळ्यालाच गेला, आता दवाखान्यात कुणाला नेऊ?

मी लिहिलेल्या शब्दाचा अर्थ होता रोगी. मयताचा शब्द वेगळा. उच्चारही वेगळे आहेत : मयताच्या शब्दात दोन्ही ठिकाणी मऊ ‘स’ आहे, रोग्याच्या शब्दात दोन्ही ठिकाणी ‘झ’सारखा घासणारा आवाज. पण आपण दोघांनाही एकाच तोंडानं ‘डिसीज्ड’ म्हणतो, देवनागरीतही एकसारखंच लिहितो, आणि टाइप करताना बोटं कानाचं ऐकतात. नवं पत्र मी फुकट करून दिलं. त्यांचं एसटीचं भाडं आणि ऐन कापूस वेचणीतला बुडालेला दिवस मात्र गेला तो गेलाच.

तेव्हापासून एक गोष्ट सोडली. जोडी पाठ करणं. गाइडात असतात ना दोन रकाने, डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचा जुळा भाऊ, खाली ‘फरक लक्षात ठेवा’? तसं केलं की दोन्ही शब्द येतात, फक्त कोणता कुठला ते येत नाही. जुळ्या पोरांची ओळख एकाच वेळी करून घेतली की पुढे जन्मभर "तू मोठा की धाकटा?" विचारत बसावं लागतं. त्यापेक्षा एकालाच त्याच्या घरी जाऊन भेटावं. घर, अंगण, आईबाप पाहावेत. मग बाजारात दोघांपैकी कुणीही दिसला तरी हा तो आहे की नाही, एवढं तर कळतं. मयत आणि रोगी यांतला मी रोगी धरला : ज्या शब्दाच्या पोटात ‘डिसीज’ म्हणजे रोग अख्खा बसलाय, तो आजाऱ्याचा. दुसरा पाठ केलाच नाही.

घरी जाऊन भेटणं म्हणजे काय, ते कॅरेटवरून सांगतो. आमच्याकडे हा शब्द सगळ्यात जास्त राबतो.

भाजी मार्केटला पहाटे गेलात तर कानावर पडेल, "वांग्याचे चाळीस कॅरेट उतरव." हे कॅरेट म्हणजे प्लास्टिकचा जाळीदार खोका. मूळ शब्द क्रेट. शेतकरी, हमाल, आडते सगळे कॅरेटच म्हणतात, आणि मराठी बोलताना त्यात काही चूक नाही; शब्द आपल्याकडे राहायला आला की आपल्या वळणानं चालणारच. पण एका पोरानं व्यापाऱ्याच्या इंग्रजी बिलात ‘फॉर्टी कॅरट्स ब्रिंजल’ टाइप केलं, आणि स्पेलिंग घातलं गाजराचं. चाळीस गाजर वांगी! जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय मानांकन मिळालं, त्याची गाजरं करून टाकली.

मग जळगावच्या सराफ बाजारात या. तिथे कॅरेट म्हणजे सोन्याचा कस. शुद्ध सोनं चोवीस भाग धरायचं, त्यातले बावीस भाग सोनं असेल तर बावीस कॅरेट. बावीसला चोवीसनं भागा, ०.९१६ येतं. दागिन्यावरच्या हॉलमार्कमध्ये ९१६ असतं ते हेच. त्याच दुकानात पलीकडच्या काउंटरवर हिरा असतो, त्याचंही कॅरेट. पण ते कसाचं नाही, वजनाचं. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. इंग्रज दोन्हींचं स्पेलिंग ‘सी’नंच करतात, अमेरिकेत सोन्याचं ‘के’नं. आपल्या हॉलमार्कवरही बावीसच्या पुढे ‘के’च असतो. तेव्हा सोन्याला ‘के’ आणि हिऱ्याला ‘सी’ धरलं की अडत नाही.

हे मला पाठ करावं लागलं नाही. एका जुन्या सोनारानं सांगितलं, की हे कॅरेट म्हणजे साहेबाची गुंज. आपल्याकडे आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. तशीच तिकडे भूमध्य समुद्राच्या काठी कॅरोबच्या शेंगेतली बी तराजूत टाकायचे. कॅरेट शब्द त्या शेंगेवरूनच आला. गुंज डोळ्यासमोर आली आणि गाजर आपोआप दूर झालं.

अजून एक कॅरेट आहे, ते आम्हा टायपिंगवाल्यांचं. कीबोर्डवर सहाच्या डोक्यावर जे छोटं छप्पर असतं, ते. मराठीत त्याला काकपद म्हणतात, कावळ्याचा पाय. लिहिताना शब्द राहून गेला की दोन शब्दांच्या मध्ये हे चिन्ह काढून राहिलेला शब्द वर लिहायचा. लॅटिनमध्ये या कॅरेट शब्दाचा अर्थच ‘उणीव आहे’ असा. त्याचं स्पेलिंग आणखी वेगळं, हिऱ्याच्या कॅरेटमधल्या दुसऱ्या ‘ए’च्या जागी ‘ई’. खोका, कस, वजन, गाजर, काकपद : आपल्या तोंडी पाचही कॅरेट. यांचे रकाने करून पाठ करायला बसला असता तर वेड लागलं असतं. मार्केट, सराफ, कीबोर्ड असं हिंडलं की प्रत्येक जण आपापल्या जागी भेटतो.

आता अफेक्ट-इफेक्ट, कारण वकीलसाहेब त्यासाठीच थांबलेत. वादळानं केळी आडवी झाली की नुकसानीचे अर्ज सुरू होतात, आणि विमा कंपनीला इंग्रजीत लिहायचं तर ‘क्रॉप इफेक्टेड’ हमखास येतं. मराठीत आपण काय म्हणतो? बाधित क्षेत्र. थंडी बाधली, दृष्ट बाधली. बाधणं हे क्रियापद, तिथे ‘ए’नं सुरू होणारा अफेक्ट. आणि ‘परिणाम’ हे नाम जिथे बसेल तिथे ‘ई’चा इफेक्ट. औषधाचा साइड इफेक्ट, तो ‘दुष्परिणाम’. वाक्यात मनातल्या मनात ‘बाधला’ घालून बघा. बसलं तर ‘ए’. शंभरातल्या पंचाण्णव वेळा एवढ्यावर भागतं. उरलेल्या पाचांत इफेक्टही क्रियापद होतो, आणि तेव्हा अर्थ होतो घडवून आणणं. म्हणजे ‘क्रॉप इफेक्टेड’ लिहिणारा शेतकरी कंपनीला जवळजवळ सांगत असतो, की पीक मी घडवून आणलं. तसं ते खरंच आहे म्हणा, पण भरपाई त्यासाठी मागत नाहीत.

काही शब्दांत मराठीचं व्याकरणच कामाला येतं, आणि याची आपल्या पोरांना कल्पना नसते. कापसाचा भाव वाढला. व्यापाऱ्यानं भाव वाढवला. वाढणं आणि वाढवणं यांत तुम्ही कधी चुकलात का? रेज हा ‘वाढवला’वाला, त्याला काय वाढवलं ते सांगावंच लागतं. राइज हा आपला आपण वाढणारा. तसंच शिकणं आणि शिकवणं. आठवणं आणि आठवण करून देणं. जिथे मराठीत मधे ‘व’ येतो किंवा ‘करून देणं’ येतं, तिथे इंग्रजीनं वेगळाच शब्द ठेवलाय, एवढंच.

उलटही होतं. ‘उसनं’ हा आपला एकच शब्द, पुढे दे किंवा घे लावलं की काम झालं. इंग्रजीनं ते दे-घे शब्दाच्या आतच कोंबलंय : लेंड म्हणजे उसनं देणं, बॉरो म्हणजे उसनं घेणं. म्हणून आपली पोरं ‘बॉरो मी युवर पेन’ म्हणतात. बँक लेंड करते, आपण बॉरो करतो. कर्ज काढलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. कर्जाचा विषय निघालाच आहे तर मुद्दल म्हणजे प्रिन्सिपल, आणि कॉलेजचे प्राचार्यही तेच प्रिन्सिपल, शेवटी ‘ए-एल’. दोघेही मुख्य : एक रकमेतला, एक कॉलेजातला. ‘एल-ई’वाला दुसरा प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व. बँकेच्या पत्रात तत्त्वाची परतफेड मागणारे अर्ज मी पाहिलेत.

स्टेशनरीवर जास्त वेळ घालवत नाही. ‘ई-आर-वाय’ म्हणजे वह्या-पेनं, ‘ए-आर-वाय’ म्हणजे जागेवर उभं. गंमत एवढीच की दोघांचं मूळ एकच. पूर्वी तिकडे पुस्तकविके बहुतेक फिरते असत. जो एका जागी दुकान मांडून बसे तो स्टेशनर, आणि त्याचा माल ती स्टेशनरी.

वाढदिवसाच्या बॅनरबद्दल मात्र बोलायलाच हवं. ‘अवर लिटल एंजल’ असं लिहायचं असतं आणि चौकात लागतं ‘अवर लिटल अँगल’. ‘एल’ आणि ‘ई’ यांची अदलाबदल, बस. मुकुट घातलेल्या एक वर्षाच्या पोरीच्या फोटोखाली लोखंडी अँगल. आमच्या गल्लीतल्या वेल्डिंगवाल्यानं तो बॅनर बघून विचारलं, कितीचा?

मी त्या बॅनरवाल्याला हसत नाही. कारण अँगल म्हणजे कोन, आणि कोन या शब्दानं आम्ही सगळे एकदा मार खाल्लाय. आमच्या अहिराणी बोलीत ‘ण’ नाहीच म्हणा ना. पाणी ते पानी, लोणी ते लोनी, कोण ते कोन. पाचवीत बाहेरगावाहून आलेल्या गुरुजींनी वर्गात विचारलं, "कोण आहे रे तिकडे?" मी उभा राहून म्हणालो, "कोन, मी?" गुरुजी म्हणाले, "काटकोन की लघुकोन?" वर्ग हसला, मला जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळलं नाही. मग मन आणि मण. घरी ‘मनं’ म्हणजे माझं, पुस्तकातलं मन वेगळं, आणि धान्याचा मण चाळीस शेरांचा. तिन्ही ओळखायला शिकलोच की. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्ताची नस. यांत ज्याचा कान तयार झालाय, त्याला अ‍ॅडव्हाइसचा ‘स’ म्हणजे सल्ला आणि अ‍ॅडव्हाइझचा ‘झ’ म्हणजे सल्ला देणं, हे जड जायचं कारण नाही. फक्त ते कुणीतरी तोंडानं म्हणून दाखवायला हवं. छापील रकान्यातून ‘झ’ ऐकू येत नाही.

बरं, मला सगळं येतं असं समजू नका. परवा फार्मसीला गेलेली एक मुलगी नोकरीचा अर्ज करायला आली होती. हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग आबा, लाय आणि ले?" मी म्हटलं, सोपं आहे, पडणं आणि ठेवणं. ती म्हणाली, "पण लायचा भूतकाळही लेच होतो ना?" होतो खरा. म्हणजे काल पडला तोही ले, आणि आज ठेव तेही ले. मी टेबलाच्या काचेखालची चिठ्ठी तिला दाखवली. खोडून खोडून तीनदा लिहिलेली, कडेला चहाचा डाग. त्यातली शेवटची ओळ मराठीत आहे : ‘अडलं तर पुट लिही.’

तिनं मोबाइल काढून चिठ्ठीचा फोटो घेतला.