उरलेल्या सेकंदांचे शास्त्र

भूकंपाची बातमी आली की तिच्यासोबत आलेला आकडा बहुधा काही तासांत बदलतो. ७.१ चे ६.९ होते, केंद्राची खोली १० किलोमीटरवरून २४ किलोमीटरवर सरकते, आणि या शास्त्रज्ञांना नक्की मोजता तरी येते का, असा प्रश्न कोणीतरी हमखास विचारतो. (यातला १० किलोमीटर हा आकडा तर पुष्कळदा मोजलेला नसतोच, खोली ठरवण्यापुरती माहिती हाती नसली की उथळ भूकंपासाठी तो तात्पुरता गृहीत धरतात.) माझ्या मते हा प्रश्न विचारणाऱ्यांचा रोख चुकतो. भूकंपाची लहर पोहोचण्याची गणिताने सांगितलेली वेळ आणि उपकरणाने नोंदवलेली वेळ यांत जो फरक उरतो, त्या उरलेल्या सेकंदांतूनच भूकंपशास्त्राने आपले बहुतेक मोठे शोध लावले आहेत.

मोजण्यातली मूळ अडचण अशी, की जमीन हलते तेव्हा मोजणारा, त्याचे उपकरण आणि ते ठेवलेली खोली हे सगळेच तिच्याबरोबर हलतात, त्यामुळे ती कशाच्या तुलनेत हलली हे सांगायला स्थिर असे काहीच उरत नाही. उपाय सापडला तो जडत्वात. चौकटीला सैल टांगलेले वजन चौकट हलली तरी लगेच हलत नाही, आणि त्या दोहोंमधले अंतर नोंदवले की जमिनीची हालचाल हाती येते. आजच्या भूकंपमापकांत मात्र वजनाला हलूच देत नाहीत. विद्युतचुंबकीय बलाने त्याला जागच्या जागी धरून ठेवतात आणि त्यासाठी किती प्रवाह लागला, हेच मोजतात. वर-खाली, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम अशा तीन दिशांची नोंद वेगवेगळी होते. एवढे करूनही हाती येणाऱ्या रेषेत भूकंपाचे उगमस्थान, लहरींनी तुडवलेली वाट आणि खुद्द उपकरणाचा स्वभाव हे तिन्ही मिसळलेले असतात. शिवाय समुद्राच्या लाटांनी जमिनीत उठणारी बारीक थरथर कधीच थांबत नाही, आणि किनाऱ्यापासून खूप आत खंडाच्या मध्यभागीही ती नोंदली जाते.

दूरच्या भूकंपाची पहिली ओळखलेली नोंद १८८९ मधली, आणि तीही अनपेक्षित. एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ या जर्मन संशोधकाने चंद्र-सूर्याच्या ओढीने ओळंब्यात पडणारा सूक्ष्म फरक मोजण्यासाठी आडवे लंबक उभारले होते. एप्रिलमध्ये पोट्सडाम आणि विल्हेल्म्सहाफेन या दोन्ही ठिकाणी एकाच सुमारास मोठी खळबळ उमटली. पुढे टोकियोतल्या भूकंपाचे वृत्त वाचनात आल्यावर त्याने वेळांचा मेळ घातला, आणि एका टोकाचा धक्का पृथ्वीतून प्रवास करत दुसऱ्या टोकाला वाचता येतो, हे सिद्ध झाले.

अशा नोंदींत लहरींचे वेगवेगळे जथे एकामागून एक येतात. १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास करताना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी ते स्पष्टपणे वेगळे काढले. आधी पोहोचतात त्या प्राथमिक लहरी, म्हणजे दाब आणि ताण यांच्या. त्यांच्यामागून दुय्यम लहरी, ज्या खडकाला आडवे हलवतात आणि द्रवातून जाऊ शकत नाहीत. सर्वांत शेवटी पृष्ठलहरी. पृथ्वीच्या सर्वांत वरच्या खडकाळ थरात, म्हणजे कवचात, प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर आणि दुय्यम लहरींचा सुमारे ३.५ किलोमीटर धरला, तर दोघींच्या आगमनातल्या फरकाच्या प्रत्येक सेकंदामागे भूकंपाचे केंद्र साधारण ८ किलोमीटर दूर असते. तीन वेधशाळांवरून अशी अंतरे काढून नकाशावर वर्तुळे छेदण्याची रीत शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात भूकंपाच्या केंद्राची जागा, खोली आणि वेळ यांचा एक अंदाज धरून प्रत्येक वेधशाळेत लहर कधी पोहोचायला हवी होती ते काढतात, नोंदलेल्या वेळेशी ताडून पाहतात आणि फरक कमीत कमी होईपर्यंत अंदाज हलवत राहतात.

परंतु लहर कधी पोहोचायला हवी, हे सांगण्यासाठी पृथ्वीच्या पोटात कोणत्या खोलीवर किती वेग आहे, हे आधी ठाऊक लागते, आणि तो वेग कळण्याचा मार्ग पुन्हा भूकंपच. उगम शोधण्यासाठी वाट गृहीत धरायची आणि वाट शोधण्यासाठी उगम, असा हा पेच आहे. तो सुटत जातो तो न जुळणाऱ्या वेळांमुळेच. १९०९ मध्ये क्रोएशियातील झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या नोंदी तपासताना तिथले शास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोविचिच यांना प्राथमिक लहरी दोनदा आल्यासारख्या दिसल्या. त्यातून कवचाखाली वेग एकदम वाढतो आणि तिथे एक सीमा आहे, हे उलगडले. पृथ्वीच्या मध्यभागी असलेल्या गाभ्याच्या अस्तित्वाचा पुरावा ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये मांडला होता, आणि काही वर्षांनी जर्मन भूकंपशास्त्रज्ञ बेनो गुटेनबर्ग यांनी त्याची सीमा सुमारे २९०० किलोमीटर खोलीवर ठरवली. या गाभ्यामुळे भूकंपापासून साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात (हे अंतर पृथ्वीच्या मध्यबिंदूपाशी होणाऱ्या कोनात मोजतात) प्राथमिक लहरींची छाया पडायला हवी, म्हणजे त्या तिथे पोहोचायला नकोत, तरीही तिथे क्षीण लहरी नोंदल्या जात होत्या. सीमेवरून वळून आलेल्या असतील, असे म्हणून त्या बाजूला सारल्या जात. १९२९ च्या न्यूझीलंडमधील भूकंपाच्या नोंदी बारकाईने पाहणाऱ्या डॅनिश भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेमान यांना हे स्पष्टीकरण पटले नाही, आणि १९३६ मध्ये त्यांनी गाभ्याच्या आत आणखी एक गाभा असल्याचे मांडले. मला या सगळ्या इतिहासात हेच उदाहरण सर्वांत आवडते, कारण त्या नोंदी इतरांनाही उपलब्ध होत्या.

आकाराच्या मोजमापातही गृहीतके येतात. अमेरिकन भूकंपशास्त्रज्ञ चार्ल्स रिश्टर यांची १९३५ ची मोजपट्टी एका विशिष्ट उपकरणावरच्या झोक्याच्या उंचीवर बेतलेली होती. तीत एक एकक वाढले की झोका दसपट होतो आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. मोठ्या भूकंपांपुढे मात्र अशा मोजपट्ट्या थिट्या पडतात. शेकडो किलोमीटर लांबीचा भ्रंश, म्हणजे ज्या भेगेवर खडक एकमेकांवरून सरकतात ती, सरकायला काही मिनिटे लागतात, आणि त्याची बरीचशी ऊर्जा इतक्या संथ लहरींत असते की जलद लहरींवर बेतलेली मोजपट्टी एका मर्यादेपलीकडे वाढतच नाही. म्हणून टॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी या भूकंपशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये मांडलेली मोजपट्टी सरकलेल्या भ्रंशाचे क्षेत्रफळ, सरकण्याचे अंतर आणि खडकाची ताठरता यांच्या गुणाकारावर उभी आहे. १९६० चा चिलीमधील भूकंप तिच्यावर ९.५ भरतो.

संथ लहरी हातात यायला वेळ लागतो, आणि आकडे बदलण्यामागचे एक मोठे कारण हेच आहे. ते निरुपद्रवी असते असे मात्र नाही. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला, तेव्हा जपानच्या हवामान संस्थेने पहिल्या तीन मिनिटांत ७.९ हा आकडा काढला आणि त्यावरून किनाऱ्यावरच्या मियागी प्रांताला ६ मीटर, तर इवाते आणि फुकुशिमा या प्रांतांना ३ मीटर उंचीच्या त्सुनामीचा इशारा दिला. देशातल्या विस्तृत पट्ट्याच्या, म्हणजे जलद आणि संथ अशा दोन्ही लहरी टिपणाऱ्या, भूकंपमापकांचे काटे त्या धक्क्याने मर्यादेबाहेर गेल्यामुळे संथ लहरींवरून दुरुस्ती करण्याचा नेहमीचा मार्गही बंद झाला. पुढे तो आकडा ८.४, ८.८ आणि अखेर ९.० झाला, पण तोवर प्रत्यक्ष लाट किनाऱ्यावर आली होती. त्यानंतर २०१३ पासून त्या संस्थेने पद्धत बदलली: भूकंप ८ च्या वर असण्याची शक्यता आहे पण नेमका आकार ठरत नाही, अशा वेळी पहिल्या इशाऱ्यात लाटेची उंची मीटरमध्ये न सांगता ती ‘प्रचंड’ असेल एवढेच सांगायचे, आणि मीटरमधले आकडे नंतर द्यायचे.