जुन्या लिगामेंटचा उरलेला तुकडा

तुटलेल्या एसीएलचा, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणाऱ्या पुढच्या लिगामेंटचा (अस्थिबंधाचा), उरलेला तुकडा पुढे काय होतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आलेले पेशंट हमखास विचारतात, "डॉक्टर, एसीएल तुटलंय म्हणता, पण उरलेला तुकडा आत आहेच ना? तो परत चिकटत नाही का? आणि ऑपरेशनमध्ये त्याचं काय करता?"

चिकटतो. पण बहुतेकदा भलत्याच ठिकाणी.

एसीएल सहसा मधोमध किंवा वरच्या टोकाकडे, मांडीच्या हाडाजवळ तुटतं. खालचा बुंधा नडगीच्या हाडाला धरून राहतो. गुडघ्याच्या आतल्या कडेचं लिगामेंट फाटलं, की तिथे रक्ताची गाठ धरते आणि तिच्या आधाराने ते बऱ्याचदा आपलं आपण भरून येतं. एसीएल मात्र सांध्याच्या आत, वंगणात बुडालेलं. तिथे गाठ टिकतच नाही, विरघळून जाते. मग सुटलेलं टोक खाली लोळतं आणि पुष्कळदा शेजारच्या पीसीएलला, म्हणजे मागच्या लिगामेंटला जाऊन चिकटतं. कधी मांडीच्या हाडाच्या टोकाशी असलेल्या खाचेच्या छताला, कधी तिच्या भिंतीला चिकटतं, तर कधी झिजून नाहीसंच होतं.

पीसीएलला चिकटलेला तुकडा फसवा. दुर्बिणीतून पाहिलं तर तंतू जाड, चकचकीत, लिगामेंट शाबूत असल्यासारखे दिसतात. हुक घालून ओढलं तर थोडा ताणही लागतो. मग पाय चारच्या आकड्यासारखा दुमडून बाहेरच्या कोंडाइलची, म्हणजे मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोल टोकाची, खाचेकडची भिंत पाहायची. जिथून एसीएल निघायला हवं, ती जागा रिकामी असते.

शिकत होतो तेव्हा ग्राफ्ट (तुटलेल्याच्या जागी बसवायचं नवं लिगामेंट) घालण्याआधी शेव्हरने, म्हणजे फिरत्या पात्याच्या हत्याराने, जुनं सगळं साफ करायचं, हाड स्वच्छ दिसलं पाहिजे, असा दंडक होता. आता मी बुंधा शक्यतो राखतो. त्यात रक्तवाहिन्या असतात. शिवाय मानवी क्रूसिएट लिगामेंटमध्ये (एसीएल-पीसीएलच्या जोडीत) ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात, हे 1984 साली दाखवलं गेलं. गुडघा कुठे, किती वाकलाय याची खबर मेंदूला देण्यात त्यांचाही वाटा असतो. एसीएलच्या तंतूंच्या दोन जुड्यांपैकी एक खरोखर धड असेल, तर तिला हात न लावता फक्त दुसरी बनवता येते. अशा केसेस थोड्याच. पण बुंधा राखला म्हणून तुम्ही लवकर मैदानात उतराल, असं मी कबूल करणार नाही. तुलना करून पाहिलं तर पेशंटला जाणवेल असा फरक फारसा दिसत नाही.

आणि राखण्याचाही अतिरेक होतो. सुरुवातीच्या काळातली माझीच एक केस. तुकडा सुरेख दिसला, म्हणून मी सगळाच ठेवला. काही महिन्यांनी पेशंट म्हणाला, "पाय शेवटपर्यंत सरळच होत नाही, मध्येच कट्कन वाजतं." व्यायाम वाढवून पाहिला, फिजिओही वैतागला. आत पाहिलं तर ग्राफ्टच्या पुढे वाटाण्याएवढी गोल गाठ, वर लाल रक्तवाहिन्या, अगदी वटारलेल्या डोळ्यासारखी. म्हणूनच 1990 साली तिचं नाव सायक्लॉप्स पडलं, ग्रीक पुराणातल्या एकडोळ्या राक्षसावरून. अशी गाठ बुंधा न राखताही होते, पण माझ्या केसमध्ये मी ठेवलेलेच तंतू पुढे येऊन अडकले होते. गाठ काढली, टेबलावरच गुडघा सरळ झाला.

आता ग्राफ्ट बसवला की दुर्बीण आतच ठेवून मी गुडघा पूर्ण सरळ करतो. जे तंतू पुढे येऊन खाचेच्या कडेत चेंगरतात, तेवढे छाटतो. बाकीचे राहू देतो.