यादी कुठे राहते, निरोप कुठे थांबतो

जुन्या चॅट प्रोग्रामांची तुलना सुरू झाली की बहुतेक लोक आवाज, हसरे चेहरे आणि रंगीत खिडक्या यांच्याबद्दल बोलू लागतात. मी स्वतः त्यांतले चार-पाच प्रोग्राम बरीच वर्षे वापरले आहेत. आज मागे वळून पाहताना मला त्यांच्यातला खरा फरक दोनच प्रश्नांत सापडतो. आपल्या ओळखीच्या माणसांची यादी कुणाच्या संगणकावर राहत होती, हा पहिला. आणि समोरचा माणूस जागेवर नसताना आपण लिहिलेला निरोप कुठे थांबत होता, हा दुसरा. या प्रोग्रामांचे बहुतेक दोष या दोन प्रश्नांच्या उत्तरांतूनच निघालेले दिसतात.

युनिक्स या संगणकप्रणालीतल्या टॉक या प्रोग्रामाकडे दोन्हींपैकी एकाचेही उत्तर नव्हते. १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर आलेला हा प्रोग्राम पडद्याचे आडवे दोन भाग करी आणि दोघांनी टंकलेले अक्षर न् अक्षर एकमेकांना त्याच क्षणी दाखवी. चुकलेला शब्द खोडतानाही समोरचा पाहत असे. यादी नव्हतीच, कोण लॉगिन आहे हे वेगळी आज्ञा देऊन पाहावे लागे. समोरचा माणूस नसेल तर बोलणेही नाही. त्यातला खरा तांत्रिक घोटाळा आणखी खालच्या पातळीवर होता. संख्येतील बाइट (म्हणजे तिचे आठ-आठ बिटांचे तुकडे) कोणत्या क्रमाने ठेवायचे याबाबत वेगवेगळ्या बनावटीच्या यंत्रांत एकमत नव्हते आणि टॉकने त्याचा विचारच केलेला नव्हता, त्यामुळे काही यंत्रांच्या जोड्यांमध्ये संभाषण जुळतच नसे. ही चूक पुढच्या आवृत्तीत सुधारली, पण सुधारलेला टॉक आणि जुना टॉक यांचे आपापसांत जमेना, म्हणजे एका विसंगतीच्या जागी दुसरी आली.

फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये लिहिलेले आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) हे घोळक्यात बोलण्यासाठी होते, आणि त्या कामात ते आजही उत्तम आहे. तिथे टोपणनाव मात्र कुणाच्या मालकीचे नसे. तुम्ही बाहेर पडलात की दुसरा कुणीही ते घेऊ शके. सर्व्हरांमधला, म्हणजे सगळ्यांना जोडणाऱ्या मध्यवर्ती संगणकांमधला, दुवा तुटला की एकाच खोलीतली माणसे दोन गटांत विभागली जात, आणि प्रत्येक गटाला वाटे की पलीकडचे सगळे एकदम उठून गेले.

या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर १९९६ मध्ये इस्रायलमधील मिराबिलिस या छोट्या कंपनीने आणलेले आयसीक्यू पाहिले म्हणजे त्याचे अप्रूप समजते. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे, त्या क्रमांकांची यादी पडद्याच्या कडेला उघडी राही, आणि कोण आले, कोण गेले हे न विचारता कळे. शिवाय समोरचा नसेल तर निरोप सर्व्हरवर थांबे आणि तो परतला की त्याच्या हाती पडे. म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आयसीक्यूने सुरुवातीलाच बरोबर दिले होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र चुकले. सुरुवातीच्या आवृत्त्यांत यादी वापरणाऱ्याच्याच संगणकावर राहत असे, त्यामुळे घरच्या संगणकावरची माणसे कार्यालयातल्या संगणकावर दिसत नसत आणि तिथे ती यादी पुन्हा एकेक करून भरावी लागे. यादी अशी संगणकावरच ठेवणाऱ्या एका प्रोग्राममधली माझी माणसे हार्ड डिस्क बिघडल्यावर एका रात्रीत गेली. कुणाचाही क्रमांक पाठ नव्हता, आणि ज्यांना विचारायचे ते सगळे त्या यादीतच होते.

आयसीक्यूचे दुसरे दुखणे विश्वासाचे होते. दोघेही ऑनलाइन असले की निरोप बऱ्याचदा एका संगणकावरून थेट दुसऱ्या संगणकावर जाई, त्यामुळे आपला आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा आपल्या संगणकाचा क्रमांक, समोरच्याला कळे. निरोप खरोखर त्याच क्रमांकाच्या मालकाकडून आला आहे का, याची पडताळणीही तोकडी होती, आणि दुसऱ्याच्या नावाने निरोप पाठवणारी साधने सहज मिळत. यादीत घालण्यापूर्वी परवानगी घेण्याची सोय होती, पण ती अट सर्व्हर पाळत नसून वापरणाऱ्याचा प्रोग्राम पाळत होता. ज्याने वेगळा प्रोग्राम वापरला त्याच्यासाठी ती अट उरतच नसे. कुलूप दाराला असावे, पाहुण्याच्या खिशात नव्हे, एवढी साधी गोष्ट इथे राहून गेली होती. पुढे कमी आकड्यांच्या क्रमांकांना प्रतिष्ठा आली आणि त्यांच्या चोऱ्याही झाल्या. खात्याशी जोडलेला जुना ईमेल पत्ता बंद पडला असेल तर तोच पत्ता नव्याने नोंदवायचा आणि पासवर्ड मागवून घ्यायचा, असा एक मार्ग चोरांना सापडला होता.

अमेरिका ऑनलाइन (एओएल) या इंटरनेट कंपनीचा एआयएम, म्हणजे एओएल इन्स्टंट मेसेंजर, मे १९९७ मध्ये स्वतंत्र प्रोग्राम म्हणून आला. त्यात क्रमांकाऐवजी स्वतः निवडलेले नाव होते, जे लक्षात ठेवायला सोपे. ‘मी जागेवर नाही’ हे सांगणारी पाटी आपल्या शब्दांत लिहिता येई, आणि माझ्या मते ती त्या प्रोग्रामची सर्वांत सुंदर कल्पना होती. पण त्या पाटीची गरजही एका उणिवेतूनच आली असावी असे मला वाटते, कारण एआयएममध्ये बरीच वर्षे निरोप थांबतच नसे. समोरचा ऑफलाइन असेल तर पाठवायचा मार्गच बंद. त्रास देणाऱ्याला ताकीद देण्याचे एक बटण होते, ज्याने त्या माणसाची ताकिदीची टक्केवारी वाढे आणि त्याला निरोप पाठवण्यावर मर्यादा येई. चार जणांनी संगनमत करून एखाद्या निरपराध माणसाला गप्प करण्यासाठी याच बटणाचा वापर केला, हे वेगळे सांगायला नको.

जून १९९८ मध्ये अमेरिका ऑनलाइनने मिराबिलिसही विकत घेतली. ही दोन मोठी जाळी एकाच मालकाकडे आली, तरी त्यांचे वापरकर्ते एकमेकांशी बोलू लागायला पुढे काही वर्षे जावी लागली. या काळातला सर्वांत मोठा दोष हाच होता, आणि तो तांत्रिक अडचणीतून आलेला नव्हता, जाणूनबुजून राखलेला होता. मायक्रोसॉफ्टने जुलै १९९९ मध्ये एमएसएन मेसेंजर आणला तेव्हा त्यातून एआयएमच्या माणसांशीही बोलता येत होते. अमेरिका ऑनलाइनने काही दिवसांतच ही वाट बंद केली, मायक्रोसॉफ्टने ती पुन्हा उघडली, आणि हा उंदीर-मांजराचा खेळ महिनोन् महिने चालला. एका टप्प्यावर तर अमेरिका ऑनलाइनने आपल्याच प्रोग्राममधल्या एका सुरक्षादोषाचा उपयोग करून, पलीकडे अस्सल एआयएम आहे की तोतया, हे ओळखायला सुरुवात केली. स्वतःच्या घराच्या भिंतीतले भगदाड चौकीसाठी वापरण्याचा हा प्रकार मला आजही थक्क करतो. नोव्हेंबर १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. अमेरिका ऑनलाइनची एक तक्रार मात्र रास्त होती: एआयएमचा पासवर्ड तिसऱ्याच कंपनीच्या प्रोग्राममध्ये टंकायची सवय लोकांना लावणे चांगले नव्हते.

एमएसएन मेसेंजरची यादी सर्व्हरवर होती. कुठल्याही संगणकावर बसावे, लॉगिन करावे आणि आपली माणसे समोर यावीत, ही तेव्हा मोठीच सोय वाटली. पण एका वेळी एकच संगणक. दुसरीकडे लॉगिन केले की पहिल्या जागेवरून हकालपट्टी. आणि ऑफलाइन माणसासाठी निरोप थांबवण्याची सोय २००६ मध्ये त्याचाच नवा अवतार, विंडोज लाइव्ह मेसेंजर, येईपर्यंत नव्हती.

याहूने मार्च १९९८ मध्ये पेजर नावाने आणलेला आणि पुढल्या वर्षी मेसेंजर झालेला प्रोग्राम या दोन प्रश्नांत सर्वांच्या पुढे होता, कारण यादीही सर्व्हरवर आणि निरोपही सर्व्हरवर. त्याचे दुखणे चॅटच्या खोल्यांत होते. जाहिराती चिकटवणाऱ्या यंत्रमानवांनी त्या खोल्या भरून टाकल्या, आणि खास घडवलेले निरोप पाठवून समोरच्याचा प्रोग्राम बंद पाडणाऱ्या साधनांचा तिथे सुळसुळाट झाला.

वाटेत कुणी निरोप वाचू नये, याची काळजी यांच्यापैकी कुणीच मुळात घेतली नव्हती. त्याच जाळ्यावर बसलेल्या कुणालाही थोड्या खटपटीने सगळे संभाषण वाचता येई. एआयएमच्या टॉक नावाच्या सोप्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांत (वरच्या युनिक्सवाल्या टॉकशी त्याचा संबंध नाही), पासवर्ड झाकायला ‘टिक/टॉक’ हे एकच ठरलेले शब्दरूप वापरत, म्हणजे ते माहीत असणाऱ्याला पासवर्ड उघडाच. २००४ मध्ये ऑफ-द-रेकॉर्ड ही निरोप सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत आली आणि जुन्या जाळ्यांवरूनही गुप्त बोलता येऊ लागले, पण त्यासाठी दोन्ही बाजूंनी वेगळा प्रोग्राम किंवा जोडणी बसवावी लागे. माझ्या ओळखीत ती बसवणारे दोघेच होते, आणि त्यांच्याशी मला गुप्त असे काही बोलायचे नव्हते.

ट्रिलियन आणि गेम (Gaim, पुढे पिजिन) या प्रोग्रामांनी चार जाळ्यांची माणसे एका खिडकीत दाखवली. जाळी मात्र वेगळीच राहिली, आणि मूळ कंपनीने प्रोटोकॉल बदलला की दुरुस्ती येईपर्यंत एक कोपरा मुका होई. मुळावर इलाज करू पाहिला तो जेरेमी मिलर यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेल्या जॅबरने. त्यात कुणीही आपला सर्व्हर चालवावा आणि पत्ता ईमेलसारखा असावा, अशी रचना होती. तत्त्व म्हणून मला हेच सर्वांत पटले. व्यवहारात मात्र दुसऱ्या प्रश्नाने त्यालाही गाठले. एकाच खात्यावर दोन संगणक लॉगिन असतील तर निरोप ज्याची अग्रता (प्राधान्याचा आकडा) जास्त त्या संगणकाकडे जाई. घरी चालू राहिलेला संगणक कार्यालयात बसलेल्या माझे निरोप शांतपणे घेत राही आणि मला पत्ताही नसे. सगळ्या यंत्रांना प्रत पाठवण्याची सोय पुढे आली, पण तोवर लोक फोनवरच्या प्रोग्रामांकडे वळू लागले होते.

ते मूळ चारही प्रोग्राम आता बंद झाले आहेत. विंडोज लाइव्ह मेसेंजर बहुतेक देशांत २०१३ मध्ये गेला, एआयएम १५ डिसेंबर २०१७ रोजी, याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ रोजी आणि आयसीक्यू २६ जून २०२४ रोजी. हार्ड डिस्क गेल्यानंतर मी यादीचा तो फोल्डर दर महिन्याला सीडीवर उतरवून ठेवू लागलो होतो. सर्व्हरवर सुरक्षित म्हणून ज्यांची प्रत कधी घेतली नाही त्या याद्या त्यांच्या सर्व्हरांबरोबर गेल्या. शेवटच्या सीडीवरची यादी अजून उघडते. तिच्यात चौसष्ट नावे आहेत, आणि त्यांतल्या अकरा जणांची टोपणनावे तेव्हाच्या अक्षरसंचाच्या घोळामुळे नुसत्या प्रश्नचिन्हांची झाली आहेत.