भरलेली सायकल: वजन कुठे बसतं आणि आधी काय तुटतं

सगळं सामान बांधून झालं की निघण्याआधी एक तपासणी करा. सायकलच्या बाजूला उभे राहा, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने सीट धरा आणि सायकल डावी-उजवीकडे जोरात हलवा. सायकल थांबल्यावरही सामान हलत राहिलं, तर बांधणी चुकली आहे. पेडल मारताना हाच हेलकावा सतत बसत असतो. मिनिटाला ६० फेरे धरले तरी तासाला ३,६०० हेलकावे. त्यात बोल्ट ढिले होतात, पट्टे रंग खरवडतात, शिवण उसवते.

नवी सायकल मुक्कामी प्रवासासाठी तयार करताना बहुतेकांचा जीव फ्रेम आणि बॅगा निवडण्यात गुंततो. माझ्या मते आधी तीन गोष्टींकडे बघावं: कॅरिअरचे बोल्ट, मागचं चाक आणि सर्वांत हलका गिअर. प्रवास अर्धवट सोडायची वेळ येते ती बहुधा या तिघांपैकी एकामुळे.

पॅनियर (कॅरिअरच्या बाजूंना अडकवायच्या पिशव्या) घ्यायचे की बाइकपॅकिंगच्या, म्हणजे थेट सायकलला पट्ट्यांनी बांधायच्या बॅगा, हे वाट ठरवते. डांबरी किंवा बऱ्यापैकी कच्चा रस्ता, स्वयंपाकाचं सामान, थंडीचे कपडे असं असेल तर कॅरिअर आणि पॅनियरसारखी सोय नाही. दगडधोंड्यांची अरुंद पायवाट असेल, किंवा फ्रेमला कॅरिअरसाठी आटेच नसतील, तर सीटबॅग, फ्रेमबॅग आणि हँडलरोल. पॅनियर लावताना टाच मागे घासते का ते पेडल उलटं फिरवून बघा. फ्रेमचा मागचा भाग आखूड असेल तर पॅनियरचे हूक शक्य तितके मागे सरकवावे लागतात.

आता बोल्ट. कॅरिअरचे बोल्ट साधारणपणे एम५ मापाचे असतात आणि त्यांना बहुधा ४ मिमीची अ‍ॅलन की लागते. बोल्ट घट्ट असतो तेव्हा कॅरिअरचा पाय फ्रेमवर दाबला जातो आणि वजनाचा मोठा वाटा त्या दोघांमधलं घर्षण पेलतं. बोल्ट किंचित ढिला झाला की घर्षण जातं, सगळा भार बोल्टच्या अंगावर येतो आणि तो खड्ड्यागणिक वाकत वाकत शेवटी तुटतो. म्हणून बोल्ट ‘तुटला’ असं दिसतं तेव्हा तो आधी ढिला झालेला असण्याचीच शक्यता जास्त. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला (चकती दाबणाऱ्या भागाला) चुकवण्यासाठी मध्ये जाड स्पेसर घातला असेल तर बोल्टवरची तरफ लांब होते. तिथे स्पेसर शक्य तितका पातळ ठेवा आणि बोल्ट चांगल्या प्रतीचा घ्या.

बोल्ट आट्यांच्या पूर्ण खोलीत बसला पाहिजे. आखूड बोल्ट आटे घेऊन बाहेर येतो. पण चेनच्या बाजूला तो आतून बाहेर डोकावला तर सर्वांत लहान चक्रीवर चेन असताना तिला घासतो, त्यामुळे बसवल्यावर मागचं चाक फिरवून सगळे गिअर टाकून बघा. आट्यांना मध्यम ताकदीचं निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ न देणारा द्रव) लावा. लाल लावू नका, ते सोडवायला उष्णता द्यावी लागते. पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा आणि मग रोज संध्याकाळी एकदा की फिरवून बघा. आट्यांच्या आतच बोल्ट तुटला तर होज क्लँपने (पाइप आवळायच्या धातूच्या पट्टीने) कॅरिअरचा पाय फ्रेमच्या दांड्याला बांधता येतो. मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. दोन होज क्लँप आणि चार एम५ बोल्ट यांचं वजन जाणवतही नाही, पण कॅरिअर वाचवायला तेवढे पुरतात.

मागच्या चाकाच्या तारा हा खरा नाजूक विषय आहे. चाक फिरताना जमिनीजवळ आलेल्या तारेचा ताण कमी होतो आणि ती वर गेली की परत येतो. ७०० बाय ४० टायरचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे किलोमीटरला ४५५ वेळा हे घडतं. तारेत मुळात पुरेसा ताण असेल तर हा चढउतार ती सहज सोसते. ताण कमी असेल तर ती खाली आल्यावर पूर्ण सैल पडते, हबपाशी जिथे ती वाकलेली असते तिथे हलते आणि धातू थकतो. मागच्या चाकात कॅसेटला (मागच्या चक्र्यांच्या संचाला) जागा द्यायची असल्याने दोन्ही बाजूंचा ताण सारखा नसतो. कॅसेटच्या विरुद्ध बाजूच्या तारा बऱ्याच सैल असतात, काही चाकांत निम्म्याच्या आसपास. त्यामुळे सामान लादण्याआधी चाक जाणकाराकडून नीट ताणून घ्या. नुसता आउट (चाकाचा वाकडेपणा) काढून भागत नाही. एका बाजूच्या सगळ्या तारा टिचकी मारल्यावर जवळपास एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. जड सामानासाठी मागे ३२ तारा किमान समजा. ३६ असतील तर निर्धास्त.

तरीही वाटेत तार तुटली तर? रिम तुटलेल्या तारेच्या विरुद्ध बाजूला सरकते. तुटलेल्या तारेच्या लगतच्या दोन तारा विरुद्ध बाजूच्या असतात. त्या दोन्हींचे निपल (रिमपाशी तार आवळणारे छोटे नट) अर्धा-अर्धा फेरा सैल करा, रिम बरीचशी मध्ये येते. तुटलेला तुकडा शेजारच्या तारेला गुंडाळून ठेवा. कॅसेटच्या बाजूची तार बदलायला कॅसेट काढावी लागते आणि त्याची हत्यारं जड असतात, म्हणून केव्हलार दोरीची तात्पुरती तार सोबत ठेवणं शहाणपणाचं. ती कॅसेट न काढता ओवता येते. खऱ्या तारा नेणार असाल तर प्रत्येक लांबीच्या दोन-दोन, सीटपोस्टच्या (सीटखालच्या दांड्याच्या) आत चिकटवून.

हलक्या गिअरचा हिशोब मांडूनच बघू. स्वार, सायकल आणि सामान मिळून ११० किलो, चढ ८ टक्के. पुढे ३४ आणि मागे ३४ दाते असतील तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल २.२ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे ठेवायचे तर वेग ताशी ७.९ किलोमीटर आणि त्याला सुमारे २१५ वॉट लागतात. पुढे २६ आणि मागे ३६ केले की एका फेऱ्यात १.६ मीटर, वेग ताशी ५.७ किलोमीटर आणि ताकद सुमारे १५५ वॉट. पहिला आकडा अनेकांना तासभरही टिकवता येत नाही, दुसरा बऱ्याच जणांना झेपतो. न झेपणारा गिअर मंद फेऱ्यांनी ओढत राहिलं की गुडघे दुखायला लागतात. सामानातून दोन किलो कमी करायला लोक रात्र रात्र याद्या करतात. दोन किलोने याच चढावर फरक पडतो चार वॉटच्या आसपास. पुढची छोटी चेनरिंग (दातेरी चकती) आणि मागची मोठी चक्री मिळून मात्र एका झटक्यात साठ वॉट वाचवतात! फक्त मोठी चक्री तुमच्या डिरेलरला (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) चालते का, हे आधी तपासा.

बॅगा भरताना सर्वांत जड वस्तू फ्रेमबॅगमध्ये, शक्य तितक्या खाली: पाणी, हत्यारं, पॉवरबँक. बॅग फुगून गुडघ्याला लागता कामा नये, आणि फुगलेल्या बॅगची चेन (झिप) हमखास आधी जाते. दाते शाबूत असून झिप उघडी पडत असेल तर तिचा सरकता तुकडा पकडीने हलकेच दाबा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. सीटबॅग हलते याचं कारण ती टोकाला जड असते. आत सीटपोस्टला चिकटून जड आणि घट्ट वस्तू, शेपटाकडे हलके कपडे, आणि पट्टे आवळण्याआधी हवा पूर्ण दाबून काढा. स्वतः सीटवर बसल्यावर बॅग आणि टायर यांत किमान पाच सेंटिमीटर अंतर उरलं पाहिजे. हँडलरोलमध्ये तंबू, स्लीपिंग बॅग असं हलकं सामान. तिथे ब्रेकच्या केबल दुमडत नाहीत ना, हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. फोर्कवरच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवरच्या) पिंजऱ्यात प्रत्येक बाजूला तीन किलोच्या पुढे जाऊ नका आणि फोर्क बनवणाऱ्याने कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळा. जिथे जिथे पट्टा फ्रेमला लागतो तिथे पारदर्शक संरक्षक टेप लावा. पट्ट्याखाली अडकलेली धूळ पॉलिश पेपरसारखं काम करते.

उतारावर वेगात हँडल थरथरायला लागलं तर ते घट्ट आवळू नका. दोन्ही गुडघे फ्रेमच्या वरच्या दांड्याला दाबा आणि हळूहळू वेग कमी करा. थांबल्यावर मागचं थोडं वजन पुढे आणा आणि काय ढिलं आहे ते शोधा.

टायरमध्ये हवा किती? वरच्याच ११० किलोसाठी ४० मिमी टायरला मागे ४५ ते ५० आणि पुढे ३५ ते ४० पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूबलेस असलात तरी एक ट्यूब न्याच, मोज्यात गुंडाळून, नाहीतर हत्यारांना घासून ती न वापरताच फाटते. टायरची बाजू चिरली तर आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा, शिवायला जाड सुई आणि मजबूत दोरा. पॅचचं सोल्युशन एकदा उघडलं की नळीतच वाळतं, म्हणून एका मोठ्या नळीऐवजी दोन छोट्या, सीलबंद.

उरलेल्या पिशवीत चेन तोडायचं हत्यार, दोन क्विक लिंक (चेन जोडायच्या कड्या), तुमच्याच फ्रेमचा डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा), ब्रेक पॅडची एक जोडी, एक गिअर केबल, झिप टाय आणि पंपाभोवती गुंडाळलेली डक्ट टेप. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि वाटेतल्या दुकानात तो मिळेल ही आशा धरू नका. निघण्याआधी चेनही मोजा: पट्टीवर १२ इंच म्हणजे ३०४.८ मिमी भरायला हवेत. दीड मिमी वाढलेली असेल तर ११ किंवा १२ गिअरची चेन घरीच बदला आणि एक-दोन छोट्या फेऱ्यांत तपासून मगच मोठ्या प्रवासाला न्या, कारण झिजलेल्या कॅसेटवर नवी चेन घसरते आणि हे पहिल्याच चढावर कळतं.